सरकारी वकील कोणाचा?

‘सरकारी वकील’ हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की, त्यातील ‘सरकारी’ या विशेषणाचा नेमका अर्थ काय, याचा विचार करावा असे आपल्या मनातही येत नाही. सरकारी दवाखाना, सरकारी गोदाम, सरकारी छापखाना. तसाच सरकारी वकील, अशी आपली समजूत असते. सरकार त्याला मेहनताना देते, तेव्हा सरकार सांगेल ते त्याने करावे. पोलिसांनी ज्याला धरून आणले त्याला शिक्षा मिळवून द्यावी. शिक्षा झाली तर तो जिंकला, आरोपी सुटला तर तो हरला, असा आपला सरळ हिशेब. चित्रपटांनी हा हिशेब अधिकच पक्का करून टाकला आहे. मी कायद्याचा पंडित नव्हे, शाळेत मुलांना शिकविणारा एक साधा शिक्षक आहे. परंतु नागरिकशास्त्राचा धडा शिकविताना मुले जे प्रश्न विचारतात, त्यांतील एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटत आला आहे. तो असा की, आरोपीला त्याचा वकील असतो, मग सरकारी वकील हा कोणाचा वकील? पोलिसांचा, मंत्र्यांचा, की ज्याचे नुकसान झाले त्याचा?

या प्रश्नाची खरी कसोटी लागते ती संघटित गुन्हेगारीच्या खटल्यांत. रागाच्या भरात एकाने दुसऱ्याच्या डोक्यात काठी घातली, तर गुन्हा एक, आरोपी एक आणि पाहणारे चारजण असतात. टोळीची गोष्ट निराळी. तेथे हुकूम देणारा एका देशात, पैसे पोहोचविणारा दुसऱ्या शहरात आणि गोळी झाडणारा तिसऱ्याच गल्लीत राहणारा. ज्याने गोळी झाडली त्याला ती कोणासाठी झाडली हे पुष्कळदा ठाऊकही नसते. ज्याला ठाऊक असते तो बोलत नाही, आणि जो बोलेल त्याच्या घरी रात्री निरोप येतो. अशा खटल्यात न्यायालयापुढे उभे राहून पुराव्याचा एकेक दुवा जोडावयाचा, हे सरकारी वकिलाचे काम आहे.

हा प्रश्न आजचा नाही, आणि त्याचा उगम मुंबईतही नाही. तो आपल्या या मध्य प्रदेशाच्या भूमीतच, नर्मदेच्या खोऱ्यात सापडतो. ज्या जबलपूर-सागर भागाचा कारभार १९५६ पर्यंत नागपूर राजधानीतून चालत असे, त्याच भागात १८३० च्या सुमारास विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांच्या टोळ्यांचा बंदोबस्त आरंभिला. वाटसरूंशी गोड बोलून सोबत करावयाची आणि संधी साधून रुमालाने गळा आवळावयाचा, ही ठगांची रीत सर्वश्रुत आहे. प्रेत पुरलेले, साक्षीदार मेलेला, लूट दूरच्या बाजारात विकलेली. कोणत्या माणसाने कोणाचा गळा आवळला, हे नेहमीच्या पद्धतीने सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते.

स्लीमनने यावर दोन उपाय योजिले. पहिला, पकडलेल्या ठगांपैकी काहींना जीवदान देऊन त्यांच्याकडून इतरांची माहिती काढावयाची. फिरंगिया नावाचा ठगांचा नायक अशाच रीतीने सरकारचा साक्षीदार झाला आणि त्याने पुरलेली प्रेते दाखवून दिली. ठगांची ‘रामासी’ ही सांकेतिक भाषा स्लीमनने शिकून घेतली आणि तिचा कोश १८३६ साली कलकत्त्यात छापविला. दुसरा उपाय कायद्याचा होता. १८३६ च्या तिसाव्या अधिनियमाने असे ठरविले की, एखादा मनुष्य ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी त्याला जन्मठेप देता यावी. अमुक खून त्यानेच केला हे दाखविण्याची आवश्यकता नाही. संघटित गुन्हेगारीच्या आजच्या कायद्यांचे बीज येथे आहे. पुढे काही वर्षांतच तीन हजारांहून अधिक ठग पकडले गेले आणि चारशेंहून अधिक फासावर चढले. माफी मिळालेल्यांसाठी जबलपुरास उद्योगशाळा निघाली. तेथे ते आणि त्यांची मुले तंबू व गालिचे विणीत.

रस्ते निर्धोक झाले, ही गोष्ट खरी. तथापि त्या खटल्यांकडे आज पाहिले असता एक गोष्ट मनाला टोचल्यावाचून राहत नाही. आरोपींच्या बाजूने तेथे वकील नव्हता. एका ठगाने जीव वाचविण्यासाठी दुसऱ्याचे नाव घ्यावे, दुसऱ्याने तिसऱ्याचे घ्यावे, आणि पकडणारे, चौकशी करणारे व न्याय देणारे एकाच कचेरीच्या आसपास वावरणारे असावेत, अशी ती व्यवस्था होती. त्यात किती निरपराध माणसे सापडली असतील, हे कोणी सांगू शकणार नाही. म्हणजे टोळीचा बंदोबस्त कसा करावा हे या भूमीने दाखविले. आणि असा बंदोबस्त करताना न्याय कोठे निसटतो, हेही त्याच अनुभवाने शिकविले.

हा धडा कायद्याने हळूहळू आत्मसात केला. १८७२ च्या पुरावा कायद्याने माफीच्या साक्षीदाराला उभे राहण्याची मुभा ठेवली. परंतु त्याच्या बोलण्याला महत्त्वाच्या बाबतीत दुसऱ्या पुराव्याचा आधार मिळाल्याखेरीज त्यावर विसंबू नये, असा संकेतही घालून दिला. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाही, हाही दंडक त्याच कायद्यात होता. दोन्ही गोष्टींचे तात्पर्य एकच. चौकीत काय म्हटले गेले यावर न्याय अवलंबून नसावा. ते न्यायालयात उजेडात, उलटतपासणीच्या कसोटीला उतरावे.

एका शतकानंतर मुंबई शहराने हा सारा इतिहास पुन्हा जिवंत केला. खंडणी, सुपारी घेऊन खून, तस्करी, जमिनी बळकाविणे यांचे तेथे व्यवसाय झाले. १९९३ च्या १२ मार्च रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यामागे तस्करांच्या टोळ्यांची यंत्रणा होती. तो खटला ‘टाडा’ कायद्याखाली चालला. सरकारी बाजूने जळगावचे उज्ज्वल निकम उभे होते. आणि १२३ आरोपींपैकी १०० जण दोषी ठरल्याचा निकाल २००६ सालच्या अखेरीपर्यंत क्रमाक्रमाने जाहीर झाला. ‘टाडा’ची मुदत १९९५ मध्येच संपली होती. म्हणून महाराष्ट्राने १९९९ साली ‘महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा’ केला. लोकांच्या तोंडी तो ‘मोक्का’ या नावाने आहे.

हा कायदा कडक आहे, यात शंका नाही. जामीन मिळणे यात फार कठीण आहे. पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदविलेला कबुलीजबाब यात ग्राह्य धरला जातो. १८७२ च्या दंडकाला हा अपवादच म्हटला पाहिजे. परंतु ज्या हाताने ही शक्ती दिली त्याच हाताने काही कुलुपेही घातली आहेत. मागील दहा वर्षांत टोळीविरुद्ध एकाहून अधिक दोषारोपपत्रे न्यायालयात दाखल झालेली असली पाहिजेत आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असली पाहिजे. गुन्हा या कायद्याखाली नोंदविण्यापूर्वी पोलीस उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मान्यता हवी. आणि न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी अपर पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी हवी. असे खटले चालविणारा सरकारी वकीलही किमान दहा वर्षे वकिली केलेला असला पाहिजे.

सरकारी वकिलाचे काम येथून सुरू होते. लोकांना वाटते की, तो न्यायालयात मोठ्या आवाजात बोलतो तेव्हा त्याचे काम चालू असते. वस्तुतः त्याचे निम्मे काम कागदांच्या ढिगाऱ्यात असते. मंजुरीवर सही करणाऱ्याने कागद वाचून सही केली की डोळे मिटून? जुनी दोषारोपपत्रे याच टोळीविरुद्धची आहेत ना? दूरध्वनीचे संभाषण टिपले ते नियमानुसार परवानगी घेऊन टिपले का? पंचनाम्यावरील पंच खरोखर त्या ठिकाणी हजर होते का? यांतील एक कुलूप उघडे राहिले तरी पाच वर्षांचे परिश्रम एका दुपारी वाया जातात. आणि ते तसे जावेत, हेच योग्य आहे. कारण कडक कायदा सैल हाताने वापरला तर तो टोळीवाल्यावर पडण्याऐवजी शेजाऱ्यावर पडतो.

कागदानंतर येतो साक्षीदार. १९९७ च्या १२ ऑगस्टला ध्वनिफितींच्या व्यवसायातील उद्योजक गुलशन कुमार यांचा मुंबईत अंधेरी येथे देवळाबाहेर गोळ्या झाडून खून झाला. दिवसाढवळ्या, रहदारीच्या रस्त्यावर. २००२ साली सत्र न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा १९ आरोपींपैकी केवळ एक दोषी ठरला. २०२१ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली आणि त्याच्या भावाची सुटका रद्द करून त्यालाही जन्मठेप दिली. खून आणि हा निकाल यांच्यामध्ये जवळजवळ चोवीस वर्षांचे अंतर आहे. दुसरा खटला हिंदी चित्रपटांना टोळ्यांचा पैसा पुरविल्याचा. त्यात एका मोठ्या चित्रपट-वित्तपुरवठादाराला २००१ मध्ये अटक झाली होती. पडद्यावर दहा गुंडांना लोळविणाऱ्यांच्या त्या दुनियेतून आलेल्या साक्षीदारांपैकी अनेकांनी न्यायालयात आपले पूर्वीचे जबाब नाकारले. प्रीती झिंटा या तरुण अभिनेत्रीने मात्र खंडणीसाठी धमकीचे दूरध्वनी आल्याचे न्यायालयात सांगितले आणि ती आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली. २००३ मध्ये निकाल लागला तेव्हा त्या वित्तपुरवठादाराची ‘मोक्का’च्या आरोपांतून सुटका झाली, माहिती दडविल्याबद्दल तेवढी एक वर्षाची शिक्षा झाली.

साक्षीदार फितूर झाला की, आपण त्याला भेकड म्हणून मोकळे होतो. शाळेतला अनुभव मला निराळे सांगतो. वर्गातील खिडकीची काच फुटते. कोणी फोडली हे चाळीस मुलांना ठाऊक असते, आणि चाळीसही मुले फळ्याकडे पाहत बसतात. ती मुले खोटारडी नसतात. मधल्या सुट्टीत मैदानावर आपले काय होईल, याचा त्यांनी हिशेब केलेला असतो. आणि त्या वेळी शिक्षक मैदानावर नसतो, हेही त्यांना माहीत असते. शिक्षक मैदानावर दिसू लागला की, त्यांतले एखादे मूल हळूच बोलते. मोठ्या माणसांचेही असेच आहे. आम्ही ख्रिस्ती घरांतील मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा आज्ञा पाठ करतो; खोटी साक्ष देऊ नये, ही त्यांतील आठवी. ती पाठ करणे सोपे आहे. परंतु आज्ञा देणाऱ्या समाजाने साक्षीदाराच्या पाठीशी उभे राहिले नाही, तर त्या एकट्याकडून हौतात्म्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या डिसेंबरमध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली. साक्षीदाराला असलेला धोका किती, याचा अहवाल मागविणे, घराजवळ पहारा ठेवणे, आरोपी व साक्षीदार समोरासमोर येणार नाहीत अशी साक्षीची सोय करणे, प्रसंगी त्याचे वास्तव्य बदलणे, अशा तरतुदी तीत आहेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनेही प्रत्येक राज्याने अशी योजना आखावी असे बंधन घातले आहे. साक्षीदाराला या हक्काची माहिती करून देणे आणि त्याच्यासाठी वेळीच अर्ज करणे, यात सरकारी वकिलाचा वाटा मोठा आहे. घाबरलेल्या माणसाला न्यायालयाच्या ओसरीवर पाच तास तिष्ठत ठेवून मग ‘पुढची तारीख’ असे सांगणे, हीसुद्धा त्याला फितूर करण्याचीच एक रीत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू या. सरकारी वकील कोणाचा? एके काळी खालच्या न्यायालयांत पोलीस अधिकारीच खटले चालवीत असत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तपास आणि अभियोग यांत भेद केला. तरीही महाराष्ट्रात साहाय्यक सरकारी वकिलांवर पोलीस खात्याचेच नियंत्रण राहिले होते. हे वकील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९९५ साली न्यायालयाने त्यांना पोलीस खात्यापासून वेगळे करण्याचा आदेश दिला. ज्याने तपास केला त्याच्याच हाताखाली तपास तपासणारा असेल, तर तो चुका दाखविणार कशा? हा प्रश्न काल्पनिक नाही. तेलगीच्या बनावट मुद्रांकांचे प्रकरण आठवा. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा हा माणूस. त्याच्या टोळीने खोटे मुद्रांक देशभर विकले. २००७ साली पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला कारावासाबरोबर २०२ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. या प्रकरणात पोलीस अधिकारीही आरोपी झाले. मुंबईच्या एका पोलीस आयुक्तांना निवृत्त होताच अटक झाली आणि पुढे ते दोषमुक्तही ठरले. ज्या खटल्यात पोलीसच दोन्ही बाजूंना उभे आहेत, त्यात पोलिसांचा मिंधा वकील काय कामाचा?

आणि पोलिसांपासून वेगळे होणे पुरेसे नाही. प्रसंगी सरकारपासूनही वेगळे व्हावे लागते. २००० सालच्या ३० जुलैला वीरप्पनच्या टोळीने कन्नड चित्रपटसृष्टीचे लाडके नट राजकुमार यांना पळवून नेले. त्यांच्या सुटकेच्या मोबदल्यात मैसूरच्या तुरुंगातील आपल्या माणसांना सोडावे, अशी मागणी झाली. कर्नाटकात असंतोष उसळला होता. सरकारने ठरविले, विशेष सरकारी वकिलांनी आरोप मागे घेण्याचा अर्ज केला, आणि मैसूरच्या न्यायालयाने तो मान्यही केला. त्या वेळी एक वृद्ध गृहस्थ सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचा मुलगा पोलीस उपनिरीक्षक होता आणि याच टोळीने त्याला मारले होते. ७ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. खटला मागे घ्यावयाचा की नाही, याचा विचार सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने करावयाचा असतो. सरकारचा निर्णय न्यायालयापर्यंत नेऊन पोहोचविणे एवढेच त्याचे काम नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यानंतर आठच दिवसांनी राजकुमार सुखरूप परत आले. पण ते परत आले नसते तर? हा प्रश्न मी टाळणार नाही. एका लोकप्रिय माणसाचा जीव एका बाजूला आणि मेलेल्या मुलाचा न्याय दुसऱ्या बाजूला, अशी ती तुला होती. तिच्यापुढे कोणाचाही हात थरथरला असता. तथापि त्या वेळी तो अर्ज चालला असता, तर प्रत्येक टोळीला न्यायालयाचे दार उघडण्याची किल्ली सापडली असती.

यावरून सरकारी वकिलाने सदैव कठोर राहावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. १९९९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, कसेही करून आरोपीला शिक्षा मिळवावी अशी तहान सरकारी वकिलाला नसावी. आरोपीच्या बाजूचे काही त्याच्या हाती असेल तर ते त्याने न्यायालयापुढे ठेवले पाहिजे. मुंबईत २०११ च्या जून महिन्यात पत्रकार ज्योतिर्मय डे यांचा पवई येथे खून झाला. २०१८ मध्ये ‘मोक्का’ न्यायालयाने छोटा राजन व इतर आठजणांना जन्मठेप दिली आणि त्याच निकालात एका महिला पत्रकारासह दोघांची निर्दोष सुटका केली. माझ्या दृष्टीने हा एकच निकाल आहे, आणि त्याचे दोन्ही भाग सारखेच मोलाचे आहेत. जे न्यायालय दोघांना सोडू शकते, त्याने नऊजणांना दिलेल्या शिक्षेवर विश्वास बसतो. जबलपूरच्या त्या जुन्या खटल्यांत नेमका हाच विश्वास उणा होता.

हे सारे मुंबईचे, मैसूरचे. आम्हा भोपाळच्या बरखेड्यातील लोकांना त्याचे काय, असे कोणी विचारील. आमची वस्ती अवजड विद्युत कारखान्याच्या आश्रयाने वाढलेली. सकाळी भोंगा, संध्याकाळी बाजार, रविवारी देऊळ किंवा चर्च, आणि निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधीच्या व्याजावर चाललेला संसार. येथे टोळी कोठून येणार? ती आता दूरध्वनीवरून येते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या भोपाळच्याच अरेरा कॉलनीत एका व्यावसायिकाला भामट्यांनी पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करून त्याच्याच घरात तासन्‌तास पडद्यासमोर बसवून ठेवले होते. सायबर पोलीस वेळेवर घरी पोहोचले म्हणून त्याचा पैसा वाचला. गोड बोलून विश्वास संपादन करावयाचा आणि मग फास आवळावयाचा, ही रीत नर्मदेकाठच्या लोकांना नवी नाही.

येथेच कायद्याच्या इतिहासातील एक योगायोग सांगण्यासारखा आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ‘ठग’ या शब्दाची व्याख्या व शिक्षा देणारी कलमे होती. ती १ जुलै २०२४ रोजी, नवी न्याय संहिता लागू होताच, कायद्यातून गेली. आणि त्याच दिवशी त्याच संहितेच्या १११ व्या कलमाने ‘संघटित गुन्हा’ प्रथमच साऱ्या देशाच्या दंडविधानात आला. खंडणी, अपहरण, सुपारीचे खून, जमीन बळकाविणे, आर्थिक गुन्हे आणि सायबर गुन्हे, सारे त्यात समाविष्ट आहेत. किमान पाच वर्षे कारावास व पाच लाख रुपये दंड. आणि गुन्ह्यात कोणाचा मृत्यू झाला तर मृत्युदंड किंवा जन्मठेप. म्हणजे जो प्रश्न कालपर्यंत मुंबई-पुण्याच्या विशेष न्यायालयांचा होता, तो आता आपल्या जिल्हा न्यायालयातील सरकारी वकिलाच्या टेबलावर आला आहे. त्याच्याजवळ पूर्वीच्याच खटल्यांचा ढीग आहे. त्याला बँकेच्या नोंदी, संगणकावरील पुरावा, चार राज्यांत विखुरलेली खाती समजून घ्यावयाची आहेत; स्लीमन ठगांची भाषा शिकला, तशी याला या नव्या ठगांची भाषा शिकावी लागेल. त्यासाठी त्याला वेळ, शिक्षण आणि मदतनीस देणे, हे शासनाचे कर्तव्य आहे.

आपलेही एक कर्तव्य आहे. फसवणूक झालेली पुष्कळ माणसे लाजेने तक्रारच करीत नाहीत. मुले काय म्हणतील, शेजारी हसतील, हा विचार आड येतो. जे तक्रार करतात ते साक्षीच्या वेळी ‘आता जाऊ द्या, पैसे गेले ते गेले’ असे म्हणून घरी बसतात. शेजाऱ्यांना न्यायालयाचे बोलावणे आले की, आपण त्यांना ‘कशाला त्या भानगडीत पडता?’ असा सल्ला देतो. त्याऐवजी ‘चला, मी बरोबर येतो’ एवढे जरी आपण म्हटले, तरी सरकारी वकिलाला कोणत्याही कायद्याने मिळणार नाही असे बळ मिळेल.

सरकारी वकील कोणाचा, या प्रश्नाचे मी माझ्या विद्यार्थ्यांना असे उत्तर देतो. तो पोलिसांचा नव्हे, मंत्र्यांचा नव्हे, आणि केवळ फिर्यादीचाही नव्हे. फौजदारी खटल्याच्या कागदावर एका बाजूला ‘राज्य’ असा शब्द लिहिलेला असतो. त्या शब्दात आपण सारे येतो. पिंजऱ्यात उभा असलेला आरोपीसुद्धा त्यात येतो. त्या सर्वांच्या वतीने खरे काय ते शोधून मांडणारा, तो सरकारी वकील. असा वकील आपल्याला हवा असेल, तर त्याने हाक मारताच साक्षीला उभे राहण्याची तयारी आपल्यापैकी कोणाची तरी असली पाहिजे.